शिशाचा गोळा

मी नळदुरुस्ती करणारा माणूस.
किनफ्रू हाउसला मला बोलावलं ते गळक्या बॉयलरसाठी,
आणि दिवाणखान्यात सतरंजीवर निजवलेल्या
सातशे बारा नळ्या बघून मी विचारलं,
"एवढं पाणी कुठं नेताय?"
मोराग रेनी हसली नाही.
दातांत धरलेला ब्रश काढून म्हणाली, "पाणी नाही. वारा."

घर तागाचं.
म्हणजे दगड इथलाच, अँगसचा, तांबूस,
पण पैसा दूरच्या चिखलातला:
बंगालात कुजवलेले देठ
डंडीच्या गिरण्यांत देवमाशाच्या तेलात भिजले,
गोण्या होऊन जगभर गेले,
आणि त्या गोण्यांतून, कुणास ठाऊक कसा,
एक ऑर्गन बाहेर पडला.
पॅट्रिक ऑख्टरलोनीला सुरातलं ओ का ठो कळत नव्हतं.
शेजारच्या लॉर्डाकडे होता,
म्हणून याच्याकडे त्याहून दोन हात उंच.
त्यासाठी छत फोडलं. तिथूनच आजही गळतं.

वाजवायची त्याची मुलगी, ग्रिझेल.
रविवारी स्तोत्रं, पाहुण्यांसमोर, पाठ ताठ.
एरवी रात्री, सगळे निजल्यावर,
सर्वांत हळू बोलणाऱ्या नळ्या उघडून
नाचाच्या चाली.
फळीमागे भाता ओढायला डेव्ही लाउनी,
बागवानाचा मुलगा, आठवड्याला नऊ पेन्स.

त्याला ती दिसायची नाही.
आत काळोख, एक दांडा, आणि दोरीला टांगलेला
शिशाचा गोळा, बोराएवढा.
वारा भरला की गोळा खाली,
वारा सरला की वर.
तेवढ्यावरून त्याला कळायचं:
आज घाईत आहे. आज रडते आहे.
आज कुणी बघायला येऊन गेला, आणि तिला तो आवडला नाही.
हे आपलं मी म्हणतो.
फळीच्या आतल्या बाजूला आहेत
त्या नुसत्या पेन्सिलीच्या रेघा,
पाच-पाचच्या जुड्या, अकरा हिवाळे.
एकीजवळ लिहिलंय, "बाईंना ताप."
एकीजवळ, "वारा कमी पडला. चूक माझी."
शेवटची जुडी अर्धी. सप्टेंबर, चौदा.

पुढं शिसं कुठं कुठं लागलं
ते गावातल्या दगडावर कोरलेलं आहे.
लाउनी, डी. वरून सहावा.
ग्रिझेलनं झाकण लावलं
आणि किल्ली कुठं ठेवली ते मरेपर्यंत सांगितलं नाही.

मग मोठ्या घराचं जे होतं ते झालं.
इस्पितळ, पोलिश पलटण, मुलींची शाळा,
शेवटी बटाट्याचं कोठार.
मुलींनी छोट्या नळ्या उपसून शिट्ट्या केल्या.
उंदरांनी भात्याचं कातडं चवीनं खाल्लं.

मोरागची चार वर्षं त्यात गेली.
मेंढीचं कातडं, हाडांचा सरस,
एकेका नळीचा ओठ नखानं वर, नखानं खाली.
एक शिट्टी कॅनडाहून टपालानं परत आली,
सोबत चिठ्ठी: "चूक झाली. वय तेव्हा नऊ."
भात्याच्या पोटात जुनं ठिगळ निघालं,
गोणपाटाचं, अर्धा शिक्का अजून त्यावर.
"काढायचं?"
तिनं गाल टेकवून पाहिला.
"वारा धरतंय. राहू दे."

ज्या संध्याकाळी पहिल्यांदा वाजला
त्याच संध्याकाळी वीज गेली.
पंखा थांबला, सूर मान टाकून पडला,
दोनशे माणसं काळोखात खोकू लागली.
कुणी सांगायच्या आधी मी फळीमागे होतो.
दांडा जड. विहिरीचा रहाट बरा.
टॉर्च दातांत, डोळे गोळ्यावर:
चढला, ओढ. चढला, ओढ.
फॉरफरची ती पोरगी बाहेर काय वाजवत होती
देव जाणे.
लोक विचारतात, कसं झालं?
मला काय ठाऊक.
एका जागी तिनं सूर इतका लांबवला
की गोळा पार वरच्या खुणेला भिडला,
माझा खांदा निखळायला आला,
आणि मी मोठ्यानं म्हणालो, "सोड गं बाई, सोड,"
आणि तिनं सोडला.

पेन्सिल माझ्या कानावर नेहमीच असते.
दोनदा हात गेला.
मग वीज आली.